घरबांधणी व गृहकर्जविषयक संज्ञा (महाराष्ट्र)

घरबांधणी व गृहकर्जविषयक संज्ञा म्हणजे जमीन, बांधकाम, घराची किंवा सदनिकेची खरेदी आणि त्यासाठी घेतलेले कर्ज यांच्या कागदपत्रांत वापरले जाणारे पारिभाषिक शब्द होत. महाराष्ट्रातील व्यवहारात या शब्दांचे तीन थर आढळतात. सातबारा, फेरफार, बोजा, गहाणखत हे जुन्या महसुली व दस्तऐवजी लेखनातून आलेले शब्द आहेत. अभिहस्तांतरण, भोगवटा प्रमाणपत्र, चटई क्षेत्र निर्देशांक हे राज्यकारभाराच्या मराठीकरणात रूढ झाले. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकार्याचा त्यात मोठा वाटा आहे. कार्पेट, स्लॅब, ईएमआय हे शब्द इंग्रजीतून जसेच्या तसे आले. एकाच दस्तात हे तिन्ही थर एकत्र येत असल्याने सामान्य वाचकाला तो दस्त दुर्बोध वाटतो.

यांतील अनेक संज्ञा ऐकण्यास एकमेकींच्या जवळच्या असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या भिन्न आहेत. घराचा ताबा मिळणे, इमारत राहण्यास योग्य ठरणे, इमारतीखालील जमीन रहिवाशांच्या नावावर होणे आणि घर कर्जातून मोकळे होणे या चार स्वतंत्र घटना असून प्रत्येकीचा पुरावा देणारा दस्त वेगळा असतो. एक दस्त हाती आला म्हणजे उरलेलेही आले, असे समजल्यामुळे घरमालकांचे नुकसान होते.

जमिनीसंबंधीच्या संज्ञा

सातबारा उतारा: गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा. नमुना सातमध्ये जमीन धारण करणाऱ्याचे नाव, क्षेत्र, भूधारणा पद्धती व इतर हक्क यांची, तर नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार त्यातील प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. परंतु केवळ सातबाऱ्यावर नाव लागल्याने मालकी हक्क निर्माण होत नाही. हक्काचे मूळ खरेदीखत, वाटपपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र अथवा वारसा यांत असते. उताऱ्यातील 'इतर हक्क' हा रकाना घर घेणाऱ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क किंवा हस्तांतरणावरील निर्बंध तेथे नोंदलेले असतात.

फेरफार: हक्कात झालेल्या बदलाची गाव नमुना सहामधील नोंद. फेरफार प्रमाणित झाल्यानंतर त्याचा अंमल सातबाऱ्यावर दिला जातो.

मिळकत पत्रिका: नगर भूमापन झालेल्या क्षेत्रात सातबाऱ्याचे काम करणारा अभिलेख. व्यवहारात त्यास प्रॉपर्टी कार्ड म्हणतात.

भोगवटादार वर्ग एक व वर्ग दोन: वर्ग एकची जमीन धारक सामान्यतः मुक्तपणे हस्तांतरित करू शकतो. वर्ग दोनच्या जमिनीचे हस्तांतरण करण्यास सक्षम महसूल अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. शासनाने प्रदान केलेल्या अनेक जमिनी या वर्गात मोडतात. परवानगीविना घेतलेल्या अशा जमिनीवरील घर शर्तभंगाच्या कारवाईत सापडू शकते.

अकृषिक वापर: शेतजमिनीचा निवासी, वाणिज्यिक किंवा औद्योगिक कारणासाठी केलेला वापर. 'जमीन एन.ए. आहे' या बोलण्यातील एन.ए. तो हाच. अकृषिक वापराची मुभा आणि बांधकामाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळाली, असे होत नाही.

गुंठा: एकराचा चाळिसावा भाग, म्हणजे १,०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. शहरांच्या कडेला शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्याची पद्धत पडली, तिला गुंठेवारी म्हणतात. अशा विकासांपैकी पात्र असलेले नियमित करण्यासाठी २००१ साली महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम करण्यात आला. नियमित न झालेल्या गुंठेवारीतील भूखंडावर बांधकाम परवानगी व बँकेचे कर्ज मिळविणे कठीण असते.

शोध अहवाल: वकिलाने निबंधक कार्यालयातील व महसुली अभिलेख पाहून मालमत्तेच्या हक्काविषयी दिलेला अहवाल. प्रथेनुसार तो मागील तीस वर्षांचा घेतला जातो.

परवानगीसंबंधीच्या संज्ञा

महाराष्ट्रातील बांधकामाचे नियमन मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने होते. बृहन्मुंबईसाठी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०३४ लागू आहे, तर राज्याच्या बहुतांश उर्वरित भागासाठी २०२० साली एकत्रीकृत नियमावली करण्यात आली.

चटई क्षेत्र निर्देशांक: भूखंडाच्या क्षेत्रफळाशी त्यावर अनुज्ञेय असलेल्या एकूण बांधकाम क्षेत्राचे गुणोत्तर. ५०० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १.१ असेल, तर सर्व मजले मिळून ५५० चौरस मीटर बांधकाम करता येते. रस्त्याची रुंदी, अधिमूल्य भरणे व अन्य तरतुदींनुसार हे प्रमाण वाढू शकते. नावात 'चटई क्षेत्र' असले, तरी सदनिकेच्या चटई क्षेत्राशी याची गल्लत करू नये. निर्देशांक भूखंडाचा असतो, सदनिकेचा नव्हे.

हस्तांतरणीय विकास हक्क: आरक्षणाखालील जमीन सार्वजनिक कामासाठी दिल्याबद्दल मालकास मिळणारा बांधकामाचा हक्क. तो अन्य भूखंडावर नियमांच्या मर्यादेत वापरता येतो किंवा विकता येतो.

आय.ओ.डी.: मुंबईत बांधकामाच्या प्रस्तावावर महानगरपालिकेकडून मिळणारे प्रारंभिक पत्र. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ खालील या पत्राच्या नावाचा शब्दशः अर्थ 'नामंजुरीची सूचना' असा होतो. प्रत्यक्षात अमुक अटी पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव नामंजूर, असे त्याचे स्वरूप असल्याने ती सशर्त मंजुरीच ठरते. मात्र एवढ्यावर काम सुरू करता येत नाही.

प्रारंभ प्रमाणपत्र: बांधकाम सुरू करण्याची परवानगी. तिची मुदत एक वर्षाची असून ती मर्यादित काळापर्यंत वाढविता येते. मुंबईत हे प्रमाणपत्र अनेकदा आधी जोत्यापर्यंत व नंतर वरील मजल्यांसाठी असे टप्प्याने मिळते. त्यामुळे खरेदी करावयाची सदनिका ज्या मजल्यावर आहे, त्या मजल्यापर्यंत प्रमाणपत्र आहे काय, हे पाहावे लागते.

जोते तपासणी: जोत्यापर्यंतचे काम मंजूर नकाशाप्रमाणे झाले आहे, याची तपासणी. जोते चुकले तर वरची सर्व इमारत चुकते. म्हणून हा टप्पा नियमावलीत स्वतंत्र ठेवलेला आहे.

भोगवटा प्रमाणपत्र: इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली गेली असून वापरण्यास योग्य आहे, असे नियोजन प्राधिकरणाने दिलेले प्रमाणपत्र. व्यवहारात ते 'ओसी' या नावाने परिचित आहे. काम पूर्ण झाल्याचे पूर्णत्व प्रमाणपत्र याहून वेगळे असते. भोगवटा प्रमाणपत्राविना ताबा घेतल्यास काय भोगावे लागते, याचे उदाहरण समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्था विरुद्ध मुंबई महालक्ष्मी कन्स्ट्रक्शन या प्रकरणात दिसते. त्या संस्थेच्या सदस्यांना प्रमाणपत्राअभावी मालमत्ता कर २५ टक्के व पाणीपट्टी ५० टक्के जादा दराने भरावी लागत होती. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र न मिळवून देणे ही सेवेतील त्रुटी आणि सतत चालू राहणारी कसूर असल्याचा निर्णय दिला.

क्षेत्रफळाच्या संज्ञा

सदनिकेची किंमत क्षेत्रफळावर ठरते. म्हणून कोणते क्षेत्रफळ मोजले, हा प्रश्न थेट पैशाचा आहे. चटई क्षेत्र म्हणजे सदनिकेचे निव्वळ वापरण्याजोगे क्षेत्र. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात रेरा कायद्याने त्याची व्याख्या निश्चित केली आहे. तीनुसार आतील विभाजक भिंतींखालील जागा चटई क्षेत्रात धरली जाते. बाहेरील भिंती, सेवावाहिन्यांचे उभे मार्ग, सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा आणि स्वतंत्र खुली गच्ची वगळली जाते.

बांधीव क्षेत्रात, म्हणजे बिल्ट-अपमध्ये, बाहेरील भिंतींची जाडी व बहुधा बाल्कनी मिळविलेली असते. सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, उद्वाहन, प्रवेशकक्ष यांसारख्या सामाईक जागांचा हिस्साही जोडला जातो. चटई क्षेत्रावर अशा प्रकारे चढविलेल्या वाढीस बांधकाम व्यवसायात 'लोडिंग' म्हणतात. समजा, ९०० चौरस फूट सुपर बिल्ट-अपची सदनिका ६० लाख रुपयांना आहे आणि लोडिंग ३५ टक्के आहे. तिचे चटई क्षेत्र सुमारे ६६७ चौरस फूट भरते. सुपर बिल्ट-अपवर दर फुटाला सुमारे ६,६६७ रुपये दिसतो. चटई क्षेत्रावर तोच ९,००० रुपये पडतो. दोन सदनिकांची तुलना चटई क्षेत्रावरच करणे योग्य, ते यामुळे. रेरा नोंदणीकृत प्रकल्पांत विक्रीचा आधारही चटई क्षेत्र हाच आहे. करारात क्षेत्र चौरस मीटरमध्ये दिलेले असते. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट.

वाहनतळाबाबतही अशीच गल्लत होते. इमारतीखालील खांबांमधील मोकळी जागा किंवा उघड्यावरील वाहनतळ सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकण्याचा अधिकार प्रवर्तकास नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद प्रकरणात महाराष्ट्रातील सदनिका कायद्याच्या आधारे दिला.

बांधकामाच्या संज्ञा

आखणी म्हणजे नकाशावरील इमारत चुन्याच्या फक्कीने जमिनीवर उतरविणे. त्यानंतर पायाचे खोदकाम होते. जमिनीच्या पातळीपासून तळमजल्याच्या जमिनीपर्यंतचा उंचावलेला भाग म्हणजे जोते. त्यात मुरमाची भरणी करून धुमस केली जाते. उभ्या खांबांना कॉलम, त्यांना जोडणाऱ्या आडव्या सांगाड्याला तुळई किंवा बीम आणि वरील आच्छादनास स्लॅब म्हणतात. काँक्रीट ओतण्यासाठी केलेल्या तात्पुरत्या साच्यास व आधारास सेंट्रिंग, तर भिंतीवरील सिमेंट-वाळूच्या थरास गिलावा म्हणतात.

ब्रास हे महाराष्ट्रात रूढ असलेले माप आहे. वाळू, खडी व मुरूम यांच्या बाबतीत एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. फरशी, गिलावा यांसारख्या पृष्ठभागाच्या कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. अंदाजपत्रकात कोणता ब्रास अभिप्रेत आहे, हे कामाच्या स्वरूपावरून ठरते.

पाणी मारणे, म्हणजे क्युरिंग, ही दिसण्यास किरकोळ पण बांधकामाच्या मजबुतीस निर्णायक अशी क्रिया आहे. काँक्रीट वाळून घट्ट होते, हा समज चुकीचा आहे. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगाने ते घट्ट होते. संयोग पूर्ण होण्याआधीच पाणी उडून गेले, तर काँक्रीट कमकुवत राहते व त्यास तडे जातात. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा मिळावा लागतो. उष्ण व कोरड्या हवेत हा काळ अनुक्रमे १० व १४ दिवस असावा, अशी शिफारस आहे.

स्वतःच्या भूखंडावर घर बांधणारे दोन प्रकारचे ठेके देतात. मजुरीच्या ठेक्यात साहित्य मालक आणतो. साहित्यासह ठेक्यात दोन्ही जबाबदाऱ्या ठेकेदाराच्या असतात. दुसऱ्या प्रकारात सिमेंट, पोलाद, विटा, फरशी यांचा दर्जा लेखी ठरविलेला नसल्यास वाद उद्भवतो.

रेराखालील प्रकल्पांत रकमेचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांशी जोडलेले असतात. महाराष्ट्रातील आदर्श करारनाम्यानुसार जोते पूर्ण होईपर्यंत किमतीच्या ४५ टक्क्यांहून अधिक आणि सर्व स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. शेवटचे ५ टक्के भोगवटा किंवा पूर्णत्व प्रमाणपत्रानंतर ताबा देताना देय होतात. इमारतीच्या संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. यास दोषदायित्व म्हणतात.

खरेदीच्या दस्तांतील संज्ञा

साठेखत: भविष्यात विक्री करण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार अशा कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. करार पाळला जावा अशी मागणी मात्र न्यायालयात करता येते.

विक्री करारनामा: बांधकाम चालू असलेल्या सदनिकेबाबत प्रवर्तक व खरेदीदार यांच्यातील करार. रेरानुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय प्रवर्तकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. करारनामा झाल्यावर प्रवर्तकाने ती सदनिका गहाण ठेवता कामा नये आणि ठेवली तरी खरेदीदाराच्या हक्कास त्याने बाध येत नाही.

खरेदीखत: मालकी प्रत्यक्ष हस्तांतरित करणारा नोंदणीकृत दस्त. दस्त केल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. नोंदणीचा गोषवारा असलेल्या उताऱ्यास सूची क्रमांक दोन म्हणतात.

मुखत्यारपत्र: दुसऱ्याच्या वतीने कृती करण्याचा अधिकार देणारा दस्त. केवळ मुखत्यारपत्र, करार व मृत्युपत्र यांच्या आधारे केलेल्या तथाकथित विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

अभिहस्तांतरण: इमारत व तिच्याखालील जमीन यांचा हक्क प्रवर्तकाकडून किंवा मूळ मालकाकडून सदनिकाधारकांच्या संस्थेकडे जाणे. रहिवासी आपापल्या सदनिकांचे धारक असले, तरी हा दस्त होईपर्यंत जमीन जुन्याच मालकाच्या नावे राहते. इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ आली, की ही उणीव उघडी पडते; कारण वाढीव बांधकामाचा हक्क जमिनीशी निगडित असतो.

मानीव अभिहस्तांतरण: प्रवर्तक अभिहस्तांतरण करून देत नसल्यास सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने ते झाल्याचे मानणे. महाराष्ट्र सदनिका मालकी हक्क अधिनियम, १९६३ मध्ये २००८ सालच्या सुधारणेने ही तरतूद आली. यासाठी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

भाग प्रमाणपत्र: सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सदस्यत्वाचा पुरावा. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील इमारतीत त्याऐवजी घोषणापत्र व प्रत्येक धारकाचे अपार्टमेंट खत असते आणि जमिनीतील अविभक्त हिस्सा थेट धारकाकडे जातो.

गृहकर्जाच्या संज्ञा

कर्ज-मूल्य प्रमाण: घराच्या मूल्याच्या किती टक्के कर्ज देता येते, ते प्रमाण. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ सालच्या निर्देशांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जास ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जास ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सामान्यतः घराच्या मूल्यात धरली जात नाही. ४० लाखांच्या घरास कमाल ३२ लाख कर्ज मिळाले, तर उरलेले ८ लाख आणि वरील शुल्के खरेदीदारास स्वतः उभी करावी लागतात. या रकमेस मार्जिन किंवा स्वतःचा हिस्सा म्हणतात.

मंजुरी व वितरण: मंजुरीपत्र म्हणजे कर्ज देण्याची तयारी, वितरण म्हणजे रक्कम प्रत्यक्ष देणे. बांधकाम चालू असताना वितरण टप्प्याने होते. पूर्ण वितरण होईपर्यंत दिलेल्या रकमेवर केवळ व्याज भरले जाते, त्यास हप्तापूर्व व्याज म्हणतात. या भरण्याने मुद्दल कमी होत नाही. म्हणून रखडलेला प्रकल्प कर्जदारास दुहेरी महाग पडतो.

सहकर्जदार व जामीनदार: सहकर्जदार हा कर्जदाराइतकाच मूळ ऋणको असतो. जामीनदाराने कर्ज घेतलेले नसते. परंतु कर्जदाराने फेड न केल्यास करारात वेगळे ठरले नसेल तर त्याचे दायित्वही कर्जदाराएवढेच असते.

समान मासिक हप्ता (ईएमआय): दरमहा सारखी राहणारी रक्कम, जिच्यात व्याज व मुद्दल दोन्ही असतात. हप्ता समान असला तरी त्याची अंतर्गत विभागणी समान नसते. ३० लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यात २१,२५० रुपये व्याज व केवळ ४,७८५ रुपये मुद्दल असते. पाच वर्षांत सुमारे १५.६२ लाख रुपये भरूनही सुमारे २६.४४ लाख मुद्दल शिल्लक राहते. वीस वर्षांत एकूण सुमारे ६२.४८ लाख रुपये भरले जातात. सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलापोटी जादा रक्कम भरल्यास व्याजाची बचत सर्वाधिक होते, ती याच कारणाने.

स्थिर व बदलता व्याजदर: स्थिर दर ठरलेल्या काळापुरता कायम राहतो, बदलता दर एखाद्या मापदंडाबरोबर वरखाली होतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मापदंडाशी जोडणे बंधनकारक झाले. मापदंडावर बँक जी वाढ आकारते, तिला स्प्रेड म्हणतात. दर वाढल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत वाढविण्याची पद्धत आहे. वरील कर्जाचा दर सुरुवातीलाच ९.५ टक्के झाला व हप्ता तोच ठेवला, तर २४० ऐवजी सुमारे ३०९ हप्ते भरावे लागतात, म्हणजे पावणेसहा वर्षे अधिक. दर १०.४१ टक्क्यांच्या वर गेला, तर तो हप्ता व्याजालाही पुरत नाही आणि कर्ज कमी होण्याऐवजी वाढू लागते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार दर बदलताना हप्ता वाढविणे, मुदत वाढविणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे हे पर्याय कर्जदारापुढे ठेवावे लागतात.

मुदतपूर्व परतफेड: ठरलेल्या काळाआधी अंशतः किंवा पूर्ण फेड करणे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर यासाठी दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली.

गहाणाच्या संज्ञा

तारण हा व्यापक शब्द आहे. सोने, मुदत ठेव, विमापत्र यांपैकी काहीही तारण असू शकते. स्थावर मालमत्तेतील हितसंबंध कर्जाच्या हमीसाठी हस्तांतरित करणे म्हणजे गहाण. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ मध्ये गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत: साधे गहाण, शर्तीच्या विक्रीचे गहाण, ताबे गहाण, इंग्लिश गहाण, हक्कलेख ठेवून केलेले गहाण आणि या पाचांत न बसणारे असंगत गहाण.

ताबे गहाणात जमिनीचा ताबा सावकाराकडे जातो व तिचे उत्पन्न व्याजापोटी किंवा कर्जापोटी वळते होते. शर्तीच्या विक्रीच्या गहाणात दस्त विक्रीचा दिसतो, परंतु रक्कम परत केल्यास जमीन परत मिळण्याची अट असते. ही अट तोंडी किंवा वेगळ्या कागदावर ठेवून विक्री झाल्याचे भासविले जाऊ नये, यासाठी १९२९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. अट त्याच दस्तात लिहिलेली असेल, तरच तो व्यवहार गहाण मानला जातो. ग्रामीण भागात मुदतखरेदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवहारांत हा भेद निर्णायक ठरतो. दुसऱ्या कागदावर विसंबलेल्या ऋणकोस जमीन गहाण होती, हे सिद्ध करता येत नाही.

आजच्या गृहकर्जात हक्कलेख ठेवून केलेले गहाण सर्वाधिक प्रचलित आहे. मूळ करारनामा व अन्य हक्कलेख हमीच्या हेतूने बँकेच्या स्वाधीन केल्याने ते पूर्ण होते. स्वतंत्र गहाणखत लिहावे लागत नाही. मालमत्तेचा ताबा कर्जदाराकडेच राहतो. असे गहाण कोणत्याही जाहीर नोंदीत दिसत नसल्याने एकच घर दोन ठिकाणी गहाण पडण्याचा धोका होता. त्यावर उपाय म्हणून महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून नोंदणी अधिनियमाच्या कलम ८९ब नुसार अशा गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे देणे आवश्यक झाले. वित्तसंस्थांच्या हितसंबंधांची नोंद ठेवणारी सरसाई ही केंद्रीय नोंदवहीही याच कारणाने महत्त्वाची आहे.

गहाण सोडवणुकीचा हक्क हा ऋणकोचा मूलभूत हक्क होय. कर्ज फेडल्यावर मालमत्ता परत मिळविण्याचा हा हक्क गहाणाच्याच दस्तातील अटीने हिरावून घेता येत नाही. एकदा गहाण ठेवलेली मालमत्ता गहाणच राहते. केवळ मुदत टळली म्हणून ती धनकोची होत नाही.

थकबाकी व जप्ती

हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास कर्ज अनुत्पादक मालमत्तेत, म्हणजे एनपीएमध्ये, वर्ग होते. त्यानंतर सरफेसी अधिनियम, २००२ च्या कलम १३(२) नुसार ६० दिवसांची मागणी सूचना दिली जाते. कर्जदाराने लेखी हरकत घेतल्यास धनकोने १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. सूचनेची मुदत संपल्यावर न्यायालयात दावा न करता धनको मालमत्तेचा ताबा घेऊ शकतो आणि त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याचे साहाय्य मागू शकतो. ताब्यासारख्या उपायाविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत अर्ज करता येतो. २०१६ च्या सुधारणेनंतर विक्रीची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी संपूर्ण देणे भरले, तरच विक्री थांबते. शेतजमिनीवरील तारणास हा कायदा लागू नाही.

सांकेतिक ताबा व प्रत्यक्ष ताबा यांत भेद आहे. पहिल्यात मालमत्तेवर सूचना चिकटवून व ती वृत्तपत्रांत देऊन ताबा घेतल्याचे जाहीर केले जाते, रहिवासी घरातच असतात. दुसऱ्यात घर रिकामे केले जाते.

कर्जमुक्ती

शेवटचा हप्ता भरल्याने कर्ज संपते. मात्र अभिलेखातील बोजा आपोआप जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार १ डिसेंबर २०२३ पासून, संपूर्ण फेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करणे व नोंदविलेला बोजा काढणे वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे. त्यांच्यामुळे विलंब झाल्यास दर दिवसामागे ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

कर्जमुक्तीच्या वेळी पुढील गोष्टी पूर्ण होणे अपेक्षित असते: ना-देय प्रमाणपत्र मिळणे, ठेवलेल्या प्रत्येक मूळ दस्ताची यादीप्रमाणे परत पोच, नोंदणीकृत गहाणखत असल्यास गहाण सोडल्याच्या दस्ताची नोंदणी, सरसाईतील नोंद पूर्तता, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरील बोजा कमी होणे आणि सहकारी संस्थेच्या दप्तरातील बँकेचा हक्क रद्द होणे. यांपैकी एखादी नोंद राहून गेल्यास पुढे विक्रीच्या किंवा वारसनोंदीच्या वेळी ती अडसर ठरते. तोवर मूळ कर्जदार हयात नसल्यास वारसांना फेडीचा पुरावा शोधावा लागतो.

गल्लत होणाऱ्या संज्ञा

सातबारा व मालकी हक्क: पहिला महसुली अभिलेख, दुसरा दस्ताने किंवा वारशाने मिळणारा हक्क.
साठेखत व खरेदीखत: पहिले विक्रीचे वचन, दुसरी प्रत्यक्ष विक्री.
प्रारंभ प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र: पहिले बांधण्याची, दुसरे राहण्याची मुभा देते.
चटई क्षेत्र व चटई क्षेत्र निर्देशांक: पहिले सदनिकेचे माप, दुसरे भूखंडावरील बांधकामाचे प्रमाण.
भाग प्रमाणपत्र व अभिहस्तांतरण: पहिले सदस्याचा, दुसरे जमिनीवरील संस्थेचा हक्क दर्शविते.
मंजुरी व वितरण: पहिली कर्जाची तयारी, दुसरे कर्जाची सुरुवात.
ना-देय प्रमाणपत्र व बोजामुक्ती: पहिले बँकेचे पत्र, दुसरी शासकीय अभिलेखातील नोंद.

हे सुद्धा पहा

सातबारा उतारा
महारेरा
सहकारी गृहनिर्माण संस्था
मुद्रांक शुल्क
भारतीय रिझर्व्ह बँक